उशिराचे कारण

"दूधच आहे ते," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या.

मी अजून टेबलावर आडवीच होते. तपासणीला चाळीस सेकंद लागले. मी मुद्दाम मोजत नव्हते. समोर घड्याळ होतं, आणि सेकंदकाटा दिसला की माझी नजर त्याच्यामागे फिरू लागते. ही कामाची सवय.

"दुधाची गाठ असेल तर पाजल्यावर कमी व्हायला हवी ना?" मी विचारलं.

"होईल की."

"मंगळवारी पाजताना हाताला लागली. आज गुरुवार. तेवढीच आहे."

"अहो, दोनच दिवस झालेत! शेक द्या. त्या बाजूने जास्त पाजा. मोकळी होईल."

"आणि नाही झाली तर?"

नळ बंद झाला. टॉवेलला हात पुसत त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "फोनवर वाचत बसता का फार?"

"नाही."

"नोकरी काय करता तुम्ही?"

"पाइपांचे जॉइंट तपासते. वेल्डिंगमध्ये आत कुठे भेग राहिली का ते बघते."

"हां! तरीच." त्या मोकळेपणाने हसल्या. वाईट नव्हत्या त्या. सहा महिन्यांपूर्वी माझ्या लेकीला, मुंगीला, त्यांनीच माझ्या हातात दिलं होतं. "तुम्हाला मेलं जिकडेतिकडे भेगाच दिसणार. इथे काही नाही हो. पहिलटकरणीला सगळ्याचीच धास्ती असते. बत्तीस वय तुमचं. या वयात कसली गाठ!"

मी कपडे सारखे करून बाहेर आले. बाकावर सासूबाई मुंगीला मांडीवर उभी धरून नाचवत होत्या.

"काय म्हणाली?"

"दूध आहे म्हणाल्या."

"मी सकाळपासून काय सांगतेय? तुझ्या नवऱ्याच्या वेळी मलाही झाली होती. ही एवढी. गरम पाण्याने शेकली, गेली."

"किती दिवसांत गेली, आई?"

"आता ते कोण लिहून ठेवतंय!"

मी लिहून ठेवायचं ठरवलं.

आमच्या कारखान्यात वाफेचे जाड पोलादी पाइप जोडतात. वेल्डरचं काम संपलं की माझं सुरू होतं. जॉइंटवर जेल चोपडायचं, त्यावरून हातात मावेल एवढा प्रोब फिरवायचा आणि मशीनच्या पडद्याकडे बघत राहायचं. प्रोबमधून आत आवाज जातो, कानाला ऐकू न येणारा. आत भेग असेल, पोकळी असेल, तर तिथून तो परत येतो आणि पडद्यावरच्या सपाट रेषेतून एक टोक वर उठतं. टोक दिसलं की ते का आलं हे सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर तो पाइप तिथेच थांबतो, मग मॅनेजर येऊन हात जोडो नाहीतर ओरडो. आत दाबाची वाफ असते, आणि पाइपाशेजारी माणसं काम करत असतात. बहुतेक काही नसेल, असं म्हणून मी अकरा वर्षांत एकही जॉइंट सोडलेला नाही.

हे मला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे आमच्या खात्यातले सर्वांत जुने तपासनीस. शाळेशी त्यांचा संबंध नाही, पण कारखान्यात सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, कारण ते चूक झाल्यावर ओरडत नाहीत, पुन्हा करायला लावतात.

घरी माझा स्वतःचा व्हर्नियर होता, मिलिमीटर मोजायचा. गाठ हाताला लागल्याच्या चौथ्या दिवसापासून मी ती मोजू लागले. सकाळी पाजण्याआधी एकदा, पाजून दहा मिनिटांनी एकदा. डावी बाजू, बाहेरच्या अंगाला, वर. पाइपाच्या गोलाईवरची जागा आम्ही घड्याळाच्या आकड्याने सांगतो. मी लिहिलं, दोन वाजता. व्हर्नियरच्या जबड्यात कातडीही येते, म्हणून दर वेळी तेवढ्याच हलक्या हाताने धरायचं. आकडा मी बोलायची, नवरा लिहायचा. तो शिवणयंत्रं दुरुस्त करतो. बारीक आकडे त्यालाही परके नाहीत.

"एकोणीस."

"एकोणीस," तो म्हणायचा. दहा मिनिटांनी पुन्हा, "एकोणीस."

सासूबाई दारातून बघायच्या. "सूनबाई, नट बसवायचाय का तिथे?"

"तुमच्या मुलाला विचारा, त्याच्याकडे सगळ्या मापाचे असतात."

त्या हसायच्या, मुंगी हसायची. पहिले काही दिवस आमच्या घरात त्या व्हर्नियरची थट्टा चालू होती. शेक चालू होता, त्या बाजूने जास्त पाजणं चालू होतं. मुंगी पोटभर प्यायली की सगळी छाती मऊ पडायची, रिकामी उशी होते तशी, आणि मध्ये ती गाठ तशीच राहायची. उलट जास्त स्पष्ट हाताला लागायची. ती सरकत नव्हती, दुखत नव्हती. दुखत नाही याचं नवऱ्याला बरं वाटायचं. मला त्याचंच बरं वाटत नव्हतं. चौदाव्या दिवसापासून त्याने आकडा मोठ्याने परत म्हणणं सोडलं. नुसता लिहायचा.

एकविसाव्या दिवशी, सोमवारी, मी तो कागद घेऊन पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले. सतरा दिवस, चौतीस आकडे. पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर. त्यांनी कागद हातात घेतला आणि उपडा करून टेबलावर ठेवला. त्यावर स्टेथोस्कोप ठेवला.

"हे काय आता?"

"दुधाची असती तर आधीच्या आणि नंतरच्या मापात फरक पडला असता. पडलेला नाही. सोनोग्राफी करावी का?"

"दूध भरलेल्या छातीत सोनोग्राफीत काही कळत नाही. सगळं पांढरंच दिसतं. तपासायला सुईने तुकडा काढायचा म्हटलं तर दूधच झिरपत राहतं. आधी अंगावरचं तोडा. मग तीन महिन्यांनी या, तेव्हाही असली तर बघू."

"तीन महिने?"

"सात महिन्यांची होईल ना आता? वरचं खाते ना? मग झालं की. खूप पाजलंत."

"पण तोपर्यंत ती दुसरीच काही असली तर?"

"हे बघा," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजातला मोकळेपणा संपला होता, "माझ्याकडे दिवसाला साठ बायका येतात. त्यातल्या वीस जणींना गाठी असतात. मी प्रत्येकीच्या मनाचं समाधान करत बसले तर झालं. पुढची कोण आहे?"

सोनोग्राफीचं केंद्र त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होतं. मी जिना उतरून गेले. खिडकीतल्या मुलीने वर न बघता हात पुढे केला. "चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. मी स्वतःच..."

"चिठ्ठीशिवाय होत नाही, मॅडम."

"कोणाची चिठ्ठी लागते?"

"डॉक्टरांची."

"त्या देत नाहीत."

"मग लागत नसेल तुम्हाला," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने यात चुकीचं काही नव्हतं.

मी दूध तोडायला घेतलं. मला दुसरा रस्ता दिसेना. सांगितलेलं ऐकलं की माणसं आपलं ऐकतात, असा माझा तेव्हा समज होता.

मुंगीला वाटी-चमचा मंजूर नव्हता, बाटली तर नव्हतीच. मी कामावरून यायची, तेव्हा माझा आवाज ऐकून ती दाराकडे झेपावायची, आणि मी आत न येता शेजारच्या घरी जाऊन बसायची, सासूबाईंनी तिला बाटलीने पाजेपर्यंत. भिंत पातळ होती. ती रडायची ते सगळं ऐकू यायचं. माझे कपडे ओले व्हायचे. शेजारीण पुढे चहा ठेवायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. तिचा तो भलेपणा मी विसरणार नाही. कारखान्यात एक्स-रेच्या फिल्म धुण्याची एक जुनी अंधारखोली आहे, आता फिल्म वापरत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे कडी लावून बसायची आणि दाटलेलं दूध पिळून मोरीत सोडायची. रोज थोडं थोडं कमी करा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. सहा आठवड्यांत दिवसाचं पाजणं सगळं बंद झालं. सकाळचं तेवढं एक राहिलं.

गाठ चोवीस झाली.

त्रेसष्टाव्या दिवशी, पुन्हा सोमवारी, मी तिसऱ्यांदा गेले.

"पूर्ण तुटलं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सकाळचं एकदा पिते अजून."

"मग मी काय सांगितलं होतं? पूर्ण तोडा आणि त्यानंतर तीन महिने."

"त्यानंतर?" मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. "तुम्ही तीन महिन्यांनी या म्हणाला होतात. पाच मिलिमीटरने वाढलीय."

"मिलिमीटर!" त्या नर्सकडे बघून म्हणाल्या. नर्स हसली. "आमच्याकडे बोटांनी कळतं, बाई. लिंबू, आवळा, वाटाणा. ही आपली सुपारीएवढी. तेव्हाही सुपारीएवढी होती."

घरी येताना बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. माझ्या हाताखालचा एखादा शिकाऊ पोरगा मोठ्या पाइपाबद्दल असं बोलला असता, सुपारीएवढी भेग आहे, तेव्हाही सुपारीएवढीच होती, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी मशीनजवळ फिरकू दिलं नसतं. आणि मी त्या बाईंपुढे मान खाली घालून "बरं" म्हणाले होते. मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त आला.

मग मी ते केलं, जे मी करायला नको होतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी मशीन, प्रोब आणि जेलची बाटली घेऊन अंधारखोलीत गेले. कडी लावली. आमचं मशीन पोलादासाठी लावलेलं असतं. पोलादात आवाज ज्या वेगाने जातो तो आकडा त्यात भरलेला असतो, त्यावरून ते खोली काढतं. मांसातून आवाज फार हळू जातो. मला तो आकडा ठाऊक होता, मी भरला. पंधराशे चाळीस, मीटर सेकंदाला. मग उजव्या बाजूला, त्याच जागेच्या आरशातल्या जागी, प्रोब ठेवला. तुलनेला काहीतरी चांगलं हाताशी असावं लागतं, आणि देवाने प्रत्येक बाईला एक जोड दिलेली असते. उजवीकडे नुसतं गवत दिसलं, बारीक बारीक टोकं. डावीकडे, दोन वाजता, एक उंच टोक. मग सपाट रेषा. मग पुन्हा एक टोक.

सपाट रेषा. म्हणजे मधल्या भागातून काहीच परत येत नाही. म्हणजे आत सगळं एकसारखं आहे. म्हणजे द्रव.

दूध, मी मनात म्हटलं. दूधच आहे मग.

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. किती दिवसांनी अंग सैल पडलं. जेल पुसलं, मशीन जागेवर ठेवलं. घरी जाऊन मुंगीला दोन्ही बाजूंनी पाजलं, संध्याकाळचं, सवय मोडून. सासूबाई म्हणाल्या, "आज काय, सणवार?" नवऱ्याला सांगितलं, त्याने विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "मशीनने बघितलं." त्याने व्हर्नियर डबीत घालून डबी कपाटात टाकली. त्या रविवारी आम्ही बागेत गेलो. मुंगीने पहिल्यांदा गवत हातात धरलं आणि दचकली.

सोमवारी सकाळी मास्तरांनी मला हाक मारली. त्यांनी मशीन सुरू करून समोर ठेवलं होतं.

"हा आकडा कोणी भरला?"

मी पडद्याकडे बघितलं. पंधराशे चाळीस. मी तो परत पोलादावर आणायला विसरले होते.

"पाण्यात चौदाशे ऐंशी असतो," मास्तर हळूच म्हणाले. "पोलादात जवळजवळ सहा हजार. पंधराशे चाळीस हे काय आहे ते मला माहीत आहे. माझ्या बायकोच्या पोटाची सोनोग्राफी झाली तेव्हा मी त्या माणसाला विचारलं होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मशीनकडेच बघत राहिले. "काय दिसलं?"

मी सांगितलं. उजवीकडे गवत. डावीकडे टोक, सपाट, टोक.

"आणि तू काय ठरवलंस?"

"द्रव आहे."

"कशावरून?"

"मधे सपाट आहे ना."

"एकसंध घट्ट गोळ्यातही मधे सपाटच असतं. चांगल्या पोलादाच्या ठोकळ्यातून तुला मधे काय दिसतं?"

ठोकळ्यात मधे सपाट रेषाच दिसते. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवते.

"पोरी, लोखंडाच्या मशीनने अंग वाचतात का?" मास्तर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "तुला कोणी असा रिपोर्ट आणून दिला असता तर तू सही केली असतीस?"

"नाही."

"मग स्वतःच्या बाबतीत कशी केलीस?"

"कोणी बघतच नाहीये, मास्तर," मी म्हटलं. "तीनदा गेले. कोणी बघतच नाहीये."

त्यांनी मशीनवर पोलादाचा आकडा भरला. "मोठ्या हॉस्पिटलात सकाळी आठला छातीच्या गाठींची वेगळी रांग असते. चिठ्ठी लागत नाही. माझ्या मेव्हणीला नेलं होतं. उद्या जा. इथलं मी बघतो."

ती रांग, चिठ्ठीशिवायची, माझ्या घरापासून पाऊण तासावर होती. सत्तर दिवस मला ती कोणी सांगितली नाही.

मंगळवारी सासूबाई बरोबर आल्या. मुंगीला कडेवर घेऊन त्या रांगेत माझ्या पुढे उभ्या राहिल्या, जणू त्यांचाच नंबर होता. आतली डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली काळं, पायात रबरी चपला. तिने दोन्ही हातांनी तपासलं, दोन्ही बाजू, काखा, गळ्याजवळ. मग मी कागद पुढे केला. तिने तो उलगडला आणि वाचला. वरून खाली, सगळे आकडे. मध्येच एकदा बोट ठेवून परत मागे गेली.

"हे तुम्ही मोजलंत?"

"मी मोजलं. लिहिलं नवऱ्याने."

"आणि मध्ये काही दिवस नाहीत ते?"

"दूध तोडत होते तेव्हा नेम राहिला नाही."

"दूध का तोडलंत?"

"सोनोग्राफीत काही दिसत नाही म्हणून. आणि सुई घालायची असली तर..."

"कोण म्हणालं?"

मी सांगितलं. तिने कागदाची घडी केली. "दूध असतानाही दिसतं. सुईही घालता येते. तोडायची काहीही गरज नव्हती."

सासूबाई मागे खुर्चीवर बसल्या होत्या. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "आमची पोर दीड महिना उगाच रडली?"

डॉक्टरने शेजारचं सोनोग्राफीचं मशीन ओढून घेतलं. मी पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण कामाची सवय सुटत नाही. गाठ काळी होती. कडा दातेरी होत्या. आमच्याकडे तसल्या कडेला एकच नाव आहे, भेग.

सुई त्याच दिवशी घातली. नंतर त्या बारीक छिद्रातून पट्टीखाली दूध झिरपत राहिलं, थोडं लाल, थोडं पांढरं. "येईल दोन-चार दिवस. पाजत राहा," डॉक्टर म्हणाली. "दोन्ही बाजूंनी."

बाहेरच्या बाकावर बसून मी मुंगीला घेतलं. मला वाटलं होतं ती विसरली असेल, तोंड फिरवेल. तिने काहीही चौकशी केली नाही. सरळ तोंड लावलं.

रिपोर्ट आठवड्याने आला. काय आला ते मला गाठीच्या कडांवरूनच कळलं होतं, तरी कागदावर वाचणं वेगळं. नवऱ्याने तो तीनदा वाचला आणि मला विचारलं, "यात चुकीचं काही असू शकतं का?" मी म्हटलं, "नाही. हा बरोबर केलेला रिपोर्ट आहे." मग त्याने स्वयंपाकघरात जाऊन सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

उपचार सोमवारी सुरू होणार होते. शुक्रवारी फाईल करायला बोलावलं. फाईलच्या खिडकीत एक गृहस्थ होते, नाकावर चष्मा, समोर छापील फॉर्म. नाव, वय, मुलं विचारून झाली. मग त्यांनी एका रकान्यात टिक केली आणि फॉर्म सहीसाठी माझ्याकडे सरकवला.

मी सही करण्याआधी वाचते. आकार लिहिला होता, चोवीस मिलिमीटर. त्याखाली छापलेलं होतं, "उशिराचे कारण". त्यापुढे चार पर्याय. अज्ञान. भीती. आर्थिक अडचण. घरगुती अडचण. त्यांनी अज्ञानावर टिक केली होती.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

"काय?"

"अज्ञान नाही."

"मग भीती लिहू? बहुतेक बायकांना तेच असतं."

"भीती नाही. मी तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले होते."

"मग घरचं?" त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. "सासरी कामाचा ताण वगैरे?"

"अहो दादा," सासूबाई खिडकीत वाकल्या, "घरचं काय असायचंय? मी स्वतः घेऊन गेले होते तिला. मीही मूर्खासारखी दूध दूध म्हणत होते, ते लिहा हवं तर. पण त्या आधीच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं ते कुठे लिहिणार?"

"आजी, त्याला रकाना नाही."

"मग काढा की एक! पट्टी नाही का तुमच्याकडे?"

मागच्या रांगेतली एक बाई हसली. गृहस्थ मात्र चिडले. "हे कॉम्प्युटरवर जातं. चारपैकीच एक घ्यावं लागतं. काय फरक पडतो तुम्हाला? उपचार तेच होणार आहेत."

"मला फरक पडतो," मी म्हटलं. "वर्षाच्या शेवटी तुम्ही हे सगळे फॉर्म मोजणार. मग कोणीतरी भाषण करणार की आमच्या बायका अज्ञानामुळे उशिरा येतात. त्यात मी असणार. मी त्यात नाही."

मी ओरडले नव्हते. माझा आवाज मुळातच बारीक आहे. पण रांग ऐकत होती. माझ्या मागची ती हसलेली बाई म्हणाली, "माझ्याही फॉर्मवर तेच लिहिलंय बघा. मी चार महिने फेऱ्या मारत होते." तिच्याही मागून कोणीतरी काहीतरी म्हणालं.

"डॉक्टरांना बोलवा," मी म्हटलं. "मी सही करणार नाही."

ती रबरी चपलावाली डॉक्टर वीस मिनिटांनी आली. तिने फॉर्म घेतला, वाचला, आणि उभ्याउभ्याच अज्ञानावर एक आडवी रेघ मारली. "सांगा," ती म्हणाली.

मी तारखा सांगितल्या. तिसऱ्या दिवशी दाखवलं, दूध म्हणून परत पाठवलं. एकविसाव्या दिवशी दाखवलं, दूध तोडा म्हणून परत पाठवलं. त्रेसष्टाव्या दिवशी दाखवलं, अजून पूर्ण तुटलं नाही म्हणून परत पाठवलं. एकाहत्तराव्या दिवशी इथे आले. ती फॉर्मच्या समासात लिहीत होती, समास संपल्यावर पाठीमागे.

"म्हणजे पहिल्यांदा दाखवल्यापासून अडुसष्ट दिवस," ती म्हणाली.

"चौसष्ट लिहा."

"का?"

"चार दिवस माझे आहेत." मी तिला अंधारखोलीचं सांगितलं. थोडक्यात. सांगताना कान तापले. "ते चार माझी चूक. तेही लिहा, स्वतंत्र."

तिने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. "ते लिहायची गरज नाही."

"आहे. नाहीतर बाकीचे चौसष्ट कोणी खरे मानणार नाही."

तिने लिहिलं. खाली स्वतःची सही केली, तारीख, वेळ. मग माझ्याकडे पेन दिलं. मी सही केली. खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म घेतला, उलटसुलट केला आणि कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "हे मी घालू कुठे?" डॉक्टर म्हणाली, "मला माहीत नाही. पण काढायचं नाही." आणि गेली. बाहेरच्या बोळातून तिला आणखी तिघीजणी हाका मारत होत्या.

ती जाण्याआधी मी तिला एवढंच विचारलं होतं, औषध शिरेत सुरू झाल्यावर पाजता येईल का. ती म्हणाली, नाही. मी विचारलं, सोमवारी किती वाजता सुरू होईल. ती म्हणाली, दहाच्या आसपास, नंबर लागेल तसं.

सोमवारी आम्ही चौघेही गेलो. ती लांबट खोली होती, सहा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक खांब. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेलं धुणं दिसत होतं. नवऱ्याने बाटली, दूध पावडर, चमचा, गरम पाणी असं सगळं एका पिशवीत भरून आणलं होतं आणि ती पिशवी पायांत धरून बसला होता. सासूबाई मुंगीचं टोपडं पुन्हा पुन्हा सारखं करत होत्या.

दहाला दहा मिनिटं कमी असताना मुंगीने कुरकुर केली. मी तिला घेतलं. ओढणी अंगावरून सोडली. आधी उजवीकडे, मग डावीकडे. ती सावकाश पीत होती, मध्येच थांबून वर बघत होती, माझ्या गळ्यातल्या नंबरच्या पट्टीला हात घालत होती.

नर्स दारात आली आणि माझा नंबर पुकारला.

मी उठले नाही.

तिने पुन्हा पुकारला, मग आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. हातात ट्रे होता. "चला, तुमची खुर्ची रिकामी झाली. डॉक्टर थांबल्यात."

"थांबू दे," मी म्हटलं. "हिचं व्हायचंय अजून."

नर्सने मुंगीकडे बघितलं. ट्रे खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मुंगीने एक पाय सोडवून हवेत धरला. तिचे डोळे अर्धे मिटले होते. तिला कसलीही घाई नव्हती.